फिल्मचा टीसी पुन्हा पुन्हा घसरतोय? झिंकला दोष देण्याआधी हे तपासा

वायबीसीओ म्हणजे यट्रिअम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांचा सुपरकंडक्टर. त्याची पेलेट, म्हणजे दाबून भाजलेली गोळी, ९० केल्विनला व्यवस्थित सुपरकंडक्टिंग (अतिसंवाहक) होते, म्हणजे तिचा विद्युतरोध शून्यावर येतो. तेच क्षार, तीच भट्टी, तेच प्रमाण धरून केलेली फिल्म, म्हणजे पातळ थर, मात्र ७७ केल्विनच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवली तरी तिचा रोध शून्यावर यायचं नाव घेत नाही. कधी टीसी, म्हणजे अतिसंवाहकता सुरू होण्याचं तापमान, थेट साठच्या घरात जातो, कधी वळण इतकं पसरट येतं की टीसी कुठला धरायचा हेच कळत नाही. भरीस भर म्हणजे व्हीएसएमवर (चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर) खोलीच्या तापमानालाच एक बारीकसं चुंबकीय लूप, म्हणजे आलेखाचा बंद फेरा, दिसतं आणि गटात कुजबुज सुरू होते की डोपिंगमुळे, म्हणजे मुद्दाम घातलेल्या परक्या अणूंमुळे, फिल्म फेरोमॅग्नेटिक (लोहचुंबकासारखी) झाली. हे एकदा होऊन थांबत नाही. काही बॅच सुरळीत जातात, मग पुन्हा तेच. सोलापुरात ही रड बहुधा मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर सुरू होते, आणि तो योगायोग नाही. त्याकडे पुढे येतोच.

फिल्ममध्ये मुद्दाम काही घातलेलं असलं, म्हणजे तांब्याच्या जागी दोन टक्के झिंक किंवा निकेल, यट्रिअमच्या जागी कॅल्शियम, तर पहिला संशय त्यावरच जातो. "सर, झिंक जास्त पडलं वाटतं, एक टक्का करून बघू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे: प्रमाणाला हात लावू नका. निदान आत्ता नाही. वजनावरून काढलेलं डोपिंग वेगळं आणि फिल्मला प्रत्यक्षात मिळालेलं डोपिंग वेगळं. आणि त्यातला सगळ्यात वजनदार डोपंट तुम्ही तराजूवर ठेवतच नाही. तो म्हणजे ऑक्सिजन.

ऑक्सिजन आधी, बाकी सगळं नंतर

वायबीसीओच्या सूत्रात ऑक्सिजनचा आकडा ६ पासून ७ पर्यंत कुठेही असू शकतो. ६.९ ते ६.९५ च्या आसपास टीसी ९२-९३ केल्विन मिळतो. आकडा ६.५ च्या आसपास आला की टीसी ६० केल्विनच्या पायरीवर जाऊन बसतो. आणखी खाली, ६.३५-६.४ च्या पलीकडे, अतिसंवाहकता संपते आणि पदार्थ अँटिफेरोमॅग्नेटिक इन्सुलेटर होतो. म्हणजे शेजारशेजारच्या तांब्यांचे स्पिन (अणूंची बारीक चुंबकं) एक वर, एक खाली असे गोठून बसतात. आकडा ६ असताना ही मांडणी ४०० केल्विनच्या वरही टिकते. एकाच पदार्थाची ही दोन टोकं, आणि मधला सगळा प्रवास फक्त ऑक्सिजनवर चालतो. लँथनमच्या क्युप्रेटमध्ये (तांबे-ऑक्सिजनचे थर असलेल्या याच कुळातल्या पदार्थात) हेच काम स्ट्राँशियम करतं. तिथे स्ट्राँशियम शून्य असताना साधारण ३२५ केल्विनपर्यंत चुंबकीय क्रम टिकतो. अवघ्या दोन टक्क्यांना तो मोडतो. पाच-साडेपाच टक्क्यांना अतिसंवाहकता सुरू होते, १५-१६ टक्क्यांना ती शिखरावर म्हणजे ३८ केल्विनच्या आसपास पोचते आणि २७ टक्क्यांच्या सुमाराला मावळते.

पेलेटचा ऑक्सिजन तुम्ही आयोडोमेट्रीने (आयोडीनच्या टायट्रेशनने) काढू शकता. फिल्मचा नाही. एक चौरस सेंटिमीटर, २०० नॅनोमीटर जाडीच्या फिल्मचं वजन किती भरतं? घनता ६.३५ धरली तर ०.१३ मिलिग्रॅम. एवढ्यावर टायट्रेशन होत नाही. म्हणून फिल्मचा ऑक्सिजन आडवाटेने ओळखावा लागतो, आणि बहुतेक जण तो ओळखायचा सोडून "पेलेटसारखाच असेल" असं गृहीत धरतात.

तो तसा नसतो. ऑक्सिजन वायबीसीओच्या थरांना समांतर दिशेत झपाट्याने सरकतो, थरांना छेदून मात्र कैक हजारपटींनी हळू. चांगली, दाट, सी-अक्ष (थरांना छेदणारा स्फटिकाचा अक्ष) सरळ उभा असलेली फिल्म म्हणजे ऑक्सिजनच्या दृष्टीने बंद दरवाजाच. तो आत शिरतो तो कडांमधून आणि दोषांमधून. त्यामुळे एक उलटंच चित्र दिसतं: एक्सआरडी (क्ष-किरणांनी काढलेला स्फटिकाचा आलेख) जितका देखणा, तितकी फिल्म ऑक्सिजन घ्यायला आळशी. तुमची भोकंभोकं असलेली जुनी फिल्म अर्ध्या तासात ९० ला पोचत होती आणि नवी सुंदर फिल्म साठलाच अडकते, याचं कारण बऱ्याचदा एवढंच.

म्हणून पहिली कसोटी. नवी फिल्म बनवू नका. बिघडलेली तीच फिल्म घ्या, एक वातावरण दाबाच्या कोरड्या ऑक्सिजनच्या प्रवाहात ४५० अंश सेल्सिअसला काही तास ठेवा, आणि प्रवाह चालू ठेवूनच खोलीच्या तापमानापर्यंत सावकाश उतरवा. तापमान ६०० ठेवलं तर ऑक्सिजन पटकन सरकतो, पण तिथला समतोलच कमी ऑक्सिजनचा असतो. ३०० ठेवलं तर समतोल उत्तम, पण तिथे पोचायला फार वेळ लागतो. ४००-५०० चा पट्टा ही तडजोड आहे. या भाजणीनंतर टीसी वर आला तर विषय संपला, झिंक निर्दोष आहे. जागचा हलला नाही तर पुढे वाचा.

इथे भट्टीचा लॉग जरूर बघा. थंड होताना वीज गेली, सोलेनॉइड व्हॉल्व्ह बंद झाला आणि ऑक्सिजनऐवजी ट्यूबमध्ये बाहेरची दमट हवा ओढली गेली, असं आमच्याकडे पावसाळ्यात होतं. भट्टीचं तापमान सकाळी बरोबर दिसतं, आलेखही गुळगुळीत दिसतो, कुणाला काही कळत नाही. हातानेच चालणारा साधा व्हॉल्व्ह आणि शेवटी एक बबलर लावा. बुडबुडे दिसतात म्हणजे ऑक्सिजन चालू आहे, याहून भरवशाचं साधन मला अजून सापडलेलं नाही.

आलेखाचा आकार काय सांगतो

डोपिंगचे परिणाम दोन तऱ्हांचे असतात आणि ते एकमेकांत मिसळले की निदान चुकतं. पहिल्या तऱ्हेत वाहकांची म्हणजे होलांची (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांची) संख्या बदलते. ऑक्सिजन, स्ट्राँशियम, कॅल्शियम हे या जातीचे. दुसऱ्या तऱ्हेत संख्या जवळपास तीच राहते पण तांबे-ऑक्सिजनच्या प्रतलात अडथळा येतो. झिंक आणि निकेल हे त्या जातीचे. मागाच्या भाषेत बोलायचं तर पहिल्या प्रकारात सुताचा नंबर बदलतो, दुसऱ्यात ताण्यातला एखादा धागा तुटतो. चादर दोन्हीकडे बिघडते, पण कारागीर कापड हातात घेतल्याबरोबर सांगतो की नेमकं काय झालं.

आपल्या हातातलं कापड म्हणजे रोध विरुद्ध तापमानाचा आलेख. फक्त शून्य कुठे आलं ते बघून तो बाजूला ठेवू नका. १०० ते ३०० केल्विनचा पट्टा जास्त बोलतो. उत्तम डोपिंगच्या फिल्ममध्ये तो जवळजवळ सरळ रेषेत उतरतो आणि रेषा खाली वाढवली तर शून्याच्या आसपास जाते. ३०० केल्विनचा रोध भागिले १०० केल्विनचा रोध हे गुणोत्तर तीनच्या जवळपास येतं. ऑक्सिजन कमी असेल तर रेषेचा उतार वाढतो आणि खाली येताना ती वाकून इंग्रजी एससारखी होते. झिंक असेल तर उतार साधारण तोच राहतो, अख्खी रेषाच समांतर वर सरकते. हे समांतर सरकणं दिसलं तरच झिंकवर बोट ठेवा. तिसरी शक्यता म्हणजे कणांच्या सीमा खराब असणं. त्यात सगळा रोध एका पटीने फुगतो, सुरुवात ९० ला होते पण शून्याकडे जाताना लांब शेपूट लागते. अशी शेपूट मोजणीचा विद्युतप्रवाह कमी केल्यावर आखडली, तर दुबळ्या सीमा नक्की.

झिंकचे आकडे लक्षात असू द्यात. वायबीसीओमध्ये तांब्याच्या एका टक्क्यामागे झिंक टीसी साधारण १० केल्विनने पाडतं. निकेल त्याच्या निम्म्याहूनही कमी. गंमत बघा: झिंक अचुंबकीय, निकेल चुंबकीय. नेहमीच्या धातूंच्या सुपरकंडक्टरमध्ये उलटं होतं. तिथे अचुंबकीय भेसळ जवळजवळ निरुपद्रवी असते हे अँडरसनने १९५९ मध्ये दाखवलं, आणि चुंबकीय भेसळ कूपर जोड्या (अतिसंवाहकता घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या) कशा तोडते ते अब्रिकोसॉव आणि गॉर्कोव यांनी त्याच सुमारास मांडलं. क्युप्रेटमध्ये जोडीचं तरंगफल दिशेप्रमाणे चिन्ह बदलतं, त्यामुळे कुठलाही जोरदार अडथळा घातकच. शिवाय झिंक स्वतः अचुंबकीय असलं तरी शेजारच्या तांब्यांचे स्पिन त्याच्याभोवती जागे होतात. हे महाजन, अल्लूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये यट्रिअमच्या एनएमआरने (अणुकेंद्राच्या चुंबकीय अनुनादाने) दाखवलं. तेव्हा "अचुंबकीय डोपंट घातला आणि चुंबकीय सिग्नल आला" हे वाक्य ऐकून लगेच हसू नका. पण तो सिग्नल फार बारीक, तापमान उतरेल तसा वाढत जाणारा असतो. खोलीच्या तापमानाला लूप काढत नाही.

आता हिशेब करा. दोन टक्के झिंकने टीसी ७० च्या आसपास यायला हवा. तो ४५ आला तर उरलेले २५ केल्विन दुसऱ्या कुणीतरी खाल्ले. मी हा हिशेब प्रत्येक फिल्मच्या नोंदीत लिहायला लावतो, कारण तो न लिहिता "झिंकमुळे कमी झाला" एवढंच लिहिलं की पुढचं वर्ष वाया जातं.

द्रव नायट्रोजनवर काम करणाऱ्यांसाठी एक इशारा. ७७ केल्विनला शून्य न येणं म्हणजे फिल्म मेली असं नाही. नायट्रोजनवर पंप लावून फार तर ६४-६५ पर्यंत जाता येतं. ६३ ला तो गोठतो. म्हणजे ६० च्या पायरीवर बसलेली फिल्म आणि पूर्ण बिघडलेली फिल्म तुम्हाला नायट्रोजनमध्ये सारखीच दिसणार, आणि दोघींमध्ये फरक करायला वर सांगितलेला आकारच कामाला येणार. तापमापकही एकदा तपासून घ्या. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, त्यामुळे उघड्या नायट्रोजनचं तापमान ७७.४ नसून ७६.९ च्या जवळ असतं. पीटी-१०० (प्लॅटिनमचा तापमापक) तिथे साधारण २० ओहम दाखवतो. अर्ध्या केल्विनने कुणाचं नशीब बदलत नाही, पण तीन-चार केल्विनचा फरक दिसला तर तारांचा रोध धरला गेलाय. (नायट्रोजन मिळत नाही ही सबब आपल्या जिल्ह्यात चालत नाही. पंढरपुरी म्हशीच्या मुलखात कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनचे कंटेनर गावोगाव फिरतात.)

एक्सआरडी आणि एक गरम सोल्डरिंग गन

ऑक्सिजन कमी झाला की सी-अक्ष लांबतो. पूर्ण भरलेल्या वायबीसीओमध्ये तो ११.६८ अँगस्ट्रॉम, ऑक्सिजन ६ असताना ११.८४ च्या जवळ. तांब्याच्या नेहमीच्या क्ष-किरणांवर शून्य-शून्य-पाच शिखर पूर्ण फिल्ममध्ये ३८.५ अंशाला येतं, अक्ष ११.७५ झाला तर ते ३८.२७ ला सरकतं. सरकणं लहान आहे, म्हणून एकाच शिखरावर विसंबू नका. सबस्ट्रेटच्या (फिल्मखालच्या आधारपट्टीच्या) शिखराने शून्य दुरुस्त करा आणि शून्य-शून्य-एल मालिकेतली दोन-चार शिखरं घेऊन अक्ष काढा. चांदीच्या पेस्टचे ठिपके आधीच लावलेले असतील तर ३८.१ ला चांदीचं शिखर येतं आणि त्याला ऑक्सिजन-कमी वायबीसीओ समजून लोक घाबरतात. एक्सआरडी आधी, पेस्ट नंतर.

टीसी कमी असणं म्हणजे होल कमी असणं, असंही नाही. होल जास्त झाले तरी टीसी उतरतो. कामचलाऊ सूत्र असं: टीसी भागिले कमाल टीसी बरोबर १ वजा ८२.६ गुणिले (पी वजा ०.१६) चा वर्ग. इथे पी म्हणजे प्रत्येक तांब्यामागचे होल. कमाल ९२ आणि टीसी ६० घातलं तर पी ची दोन उत्तरं येतात, ०.०९५ आणि ०.२२५. (साठच्या पायरीजवळ वायबीसीओ या वक्रापासून थोडा ढळतो, पण अंदाजाला पुरे.) डोंगराच्या कुठल्या उतारावर आहात हे एकट्या टीसीवरून कळत नाही. कॅल्शियम घातलेल्या फिल्म्समध्ये हा घोटाळा नेहमीचा. कॅल्शियमने आधीच होल वाढलेले, त्यात पुरेपूर ऑक्सिजन भरला की फिल्म शिखराच्या पलीकडे जाते. अशा फिल्मला पुन्हा ऑक्सिजनमध्ये भाजलं तर टीसी आणखी पडतो. तेव्हा घाबरू नका, उलट ऑक्सिजन थोडा काढा आणि टीसी वर येतो का बघा.

यावर स्वस्त उपाय थर्मोपॉवर, म्हणजे दोन टोकांच्या तापमानातल्या फरकाने निर्माण होणारं व्होल्टेज. फिल्मच्या एका टोकाला सोल्डरिंग गनचा सौम्य उबारा, दोन थर्मोकपल, एक मायक्रोव्होल्टमीटर. खोलीच्या तापमानाला मूल्य ठळक धन असेल तर होल कमी, शून्याच्या आसपास असेल तर शिखराजवळ, ऋण झालं तर पलीकडे. वायबीसीओतल्या तांब्याच्या साखळ्या स्वतःचा थोडा ऋण वाटा घालतात, म्हणून तिथे शेवटच्या आकड्यावर भांडू नका. चिन्ह आणि कल बघा. नायट्रोजन लागत नाही, दहा मिनिटांत होतं, आणि तरी कुणी करत नाही.

जूनमध्येच का

रासायनिक मार्गाने, म्हणजे नायट्रेटच्या द्रावणातून स्प्रे किंवा स्पिन करून फिल्म करणाऱ्यांसाठी हा भाग. यट्रिअम आणि तांब्याची नायट्रेटं हवेतली वाफ ओढतात. मे महिन्यात इथली हवा कोरडी ठणठणीत असते, बेचाळीस अंशांत बाटलीतले खडे खडखडतात. पाऊस पडला की तेच खडे ओले, चिकट होतात. तुम्ही मात्र वर्षभर लेबलवरचाच रेणुभार वापरता. तांब्याच्या नायट्रेटने चार टक्के जादा पाणी ओढलं तर द्रावणात तांबं चार टक्के कमी पडलं. बेरियम नायट्रेट पाणी ओढत नाही, त्यामुळे ते आपल्या जागी ठाम, आणि गुणोत्तर बेरियमच्या बाजूला झुकतं. जादा बेरियम हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट होतं आणि कणांच्या सीमांवर जाऊन बसतं. ज्या फिल्ममध्ये आपण दोन टक्के झिंकचा परिणाम शोधतोय, तिच्यात तांब्याचीच चार टक्के चूक. मग निकाल कशाचा म्हणायचा?

उपाय डेसिकेटर नव्हे. डेसिकेटर आमच्याकडेही आहे, त्यातलं सिलिका जेल कायम गुलाबी, म्हणजे ओलावा पिऊन भरलेलं असतं. उपाय म्हणजे साठा-द्रावण करून त्याची तीव्रता टायट्रेशनने काढणं: तांबं आयोडोमेट्रीने, यट्रिअम ईडीटीएने. मग वजन नव्हे, आकारमान मोजून मिसळा. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला जे कंटाळत केलं तेच इथे करायचं.

पाणीही बघा. बोअरच्या खाऱ्या पाण्यावर चालणारं डिस्टिलेशन युनिट क्षार धरून बसलं की डिस्टिल्ड वॉटरमध्ये मूळ पाण्याचे थेंब उडून येतात. त्यातलं कॅल्शियम यट्रिअमच्या जागी जाऊन न मागितलेलं डोपिंग करतं, सल्फेट बेरियमला खाली बसवतं. तपासणी सोपी: परीक्षानळीत ते पाणी घ्या, बेरियम नायट्रेटच्या स्वच्छ द्रावणाचे दोन थेंब टाका. दुधाळ झालं तर त्या पाण्याने फिल्म बनवू नका.

तयार फिल्मलाही पाण्याचं वावडं आहे. वायबीसीओ ओलाव्याशी विक्रिया करून बेरियम हायड्रॉक्साइड, मग कार्बोनेट देतं. पातळ फिल्ममध्ये वरचे काही नॅनोमीटर गेले तरी फरक पडतो. भरून आलेल्या दिवशी फिल्म उघड्या पेट्रीडिशमध्ये ठेवून चहाला जाऊ नये.

भांड्यांमधूनही डोपिंग होतं. अॅल्युमिनाच्या क्रुसिबलमधलं अॅल्युमिनियम वायबीसीओच्या साखळीतल्या तांब्याची जागा घेतं, लोह आणि कोबाल्टही तिथेच जातात. तिथली भेसळ झिंकइतकी मारक नसते, पण साखळीतल्या ऑक्सिजनची मांडणी विस्कटते आणि टीसी हळूहळू उतरतो. फिल्म थेट अॅल्युमिनावर टेकवू नका. खाली वायबीसीओचीच जुनी पेलेट ठेवा.

चुंबकत्वाचं भूत

आता त्या लूपकडे. ऑक्सिजन-कमी वायबीसीओतलं अँटिफेरोमॅग्नेटिक चुंबकत्व व्हीएसएमवर दिसणार नाही, कारण वरचे आणि खालचे स्पिन एकमेकांना खोडतात आणि फिल्ममध्ये पदार्थच चिमूटभर. त्यासाठी न्यूट्रॉन किंवा म्युऑन या कणांचे झोत लागतात. तेव्हा खोलीच्या तापमानाला दिसणारं लूप हा डोपिंगचा पुरावा नाही, तो आधी भेसळीचा पुरावा समजा. लूपची उंची १०⁻⁵ ईएमयू (चुंबकत्वाचं एकक) आहे ना? लोखंड ग्रॅमला २१८ ईएमयू देतं. म्हणजे ४६ नॅनोग्रॅम लोखंड पुरे झालं, आणि तो कण एका बाजूला १८ मायक्रॉन भरतो. स्टीलच्या चिमट्याने सबस्ट्रेटच्या कडेला एक ओरखडा काढला की तेवढं चिकटतं. ही काही माझी कल्पना नाही: २००४ मध्ये हाफ्नियम ऑक्साइडच्या फिल्म्समध्ये अनपेक्षित फेरोमॅग्नेटिझम सापडल्याचं जाहीर झालं आणि दुसऱ्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवलं की स्टीलच्या चिमट्याने हाताळलं तरी तसाच सिग्नल मिळतो.

आपल्या भागातल्या लॅबमध्ये याहून मोठा संशयित असतो: भट्टी. ज्या ट्यूबमध्ये वर्षानुवर्षं फेराइट आणि मँगनाइट हे चुंबकीय पदार्थ भाजले, तिच्यात वायबीसीओ ठेवली तर लूप यायचंच. ट्यूब वेगळी ठेवा. प्लॅस्टिकचा किंवा टायटॅनियमचा चिमटा घ्या, आणि तो लॅबच्या शिपाई मामांना दाखवून ठेवा, नाहीतर आवराआवरीत स्टीलच्या चिमट्यांत जाऊन पडतो.

खात्री करायची तर कोरा सबस्ट्रेट त्याच सगळ्या प्रवासातून न्या: तेच धुणं, तीच भट्टी, तीच टेप. त्यालाही लूप आलं तर फिल्मचा संबंध नाही. दुसरी चाचणी म्हणजे सौम्य आम्लाने फिल्म विरघळवून उरलेला सबस्ट्रेट पुन्हा मोजणं. लूप टिकलं तर ते फिल्मचं नव्हतंच. पण लूप गेलं तर निष्कर्ष काढू नका, कारण आम्ल लोखंडही खातं. फिल्म २०० नॅनोमीटर आणि सबस्ट्रेट अर्धा मिलिमीटर, म्हणजे अडीच हजारपट. त्यामुळे सबस्ट्रेटचा प्रतिचुंबकीय उतार वजा केल्याशिवाय कुठलाच आलेख दाखवू नका. स्ट्राँशियम टायटॅनेट या बाबतीत सरळ आहे. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये लोहाची भेसळ असली तर थंडीत पॅरामॅग्नेटिक शेपूट दिसते, आणि ती झिंकने जागवलेल्या स्पिनसारखीच दिसते.

टीसीच्या खाली लूप दिसणं मात्र स्वाभाविक आहे. ते फिल्ममध्ये अडकून बसलेल्या चुंबकीय क्षेत्राच्या भोवऱ्यांचं आहे, फेरोमॅग्नेटिझमचं नाही. क्षेत्र वाढवताना सुरुवातीला चुंबकन ऋण दिशेने गेलं तर ओळख पटली. आणि क्षेत्राशिवाय थंड करून घेतलेला आलेख कधी उलटा, धन बाजूला गेला तर नवा शोध लागला म्हणून पेढे वाटू नका. मॅग्नेटमध्ये आधीच्या मोजणीतलं थोडं विरुद्ध क्षेत्र उरलेलं असतं. फिल्म क्षेत्राला आडवी ठेवली की हा परिणाम हजारपटींनी फुगतो. आधी क्षेत्र कमी-कमी होणाऱ्या हेलकाव्यांनी शून्यावर आणा, मग दहा ओर्स्टेडपेक्षा कमी क्षेत्रात मोजा.

चुंबकीय अणू दिसला की अतिसंवाहकता गेली, हीही समजूत सोडा. यट्रिअमऐवजी गॅडोलिनियम घातलं तर टीसी ९० च्या वरच राहतो, आणि गॅडोलिनियमचे स्पिन २.२ केल्विनला आपल्या परीने क्रमही लावतात. ते प्रतलापासून अंतर ठेवून असतात, म्हणून भांडण नाही. प्रेझिओडिमियम मात्र त्याच जागी बसून ५५-६० टक्क्यांना सगळं मोडून टाकतं, कारण त्याच्या इलेक्ट्रॉन कक्षा ऑक्सिजनशी मिसळून होलच अडकवून ठेवतात. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९९४ साली सापडलेल्या बोरोकार्बाइड कुळातही अर्बियमचा सदस्य साडेदहा केल्विनला सुपरकंडक्टर होतो आणि सहा केल्विनला त्यातच चुंबकीय क्रम लागतो. डोपंट कोण यापेक्षा तो कुठे बसला, हे आधी विचारायचं.

दुसऱ्या कुळात जाताना क्युप्रेटचे नियम सोबत नेऊ नका. बेरियम-लोह-आर्सेनाइडमध्ये लोहाच्या प्रतलातच सहा-सात टक्के कोबाल्ट घातलं की १४० केल्विनच्या आसपासचा चुंबकीय क्रम दबतो आणि २२-२५ केल्विनला अतिसंवाहकता उगवते. क्युप्रेटमध्ये जे विष, ते तिथे औषध.

लँथनम-स्ट्राँशियमच्या फिल्म्समध्ये सबस्ट्रेट हाच छुपा डोपंट समजा. १९९८ मध्ये स्ट्राँशियम लँथनम अॅल्युमिनेटवर वाढवलेल्या, दहा टक्के स्ट्राँशियमच्या फिल्मचा टीसी दाबामुळे २५ वरून ४९ केल्विनवर गेल्याचं प्रसिद्ध झालं. स्ट्राँशियम टायटॅनेटवर जाळी उलट ताणली जाते आणि टीसी पडतो. तेव्हा सबस्ट्रेटचा पुरवठादार बदलला आणि टीसी हलला, तर दोन्हींच्या जाळीचं माप आधी घ्या. सिलिकॉन आणि काचेबद्दल विचारूच नका. इतक्या तापमानाला बेरियम सिलिकॉन खातं.

एवढं सगळं करून रेषा समांतरच वर सरकलेली असेल, सी-अक्ष ११.६८ असेल, थर्मोपॉवर शिखराजवळचं असेल आणि पुन्हा भाजूनही टीसी हलत नसेल, तरच झिंकचं प्रमाण बदला. बदलतानाही भट्टीतल्या त्याच बोटीत (नमुने ठेवायच्या पात्रात), त्याच दिवशी एक बिनझिंकची फिल्म शेजारी ठेवा. आणि खालच्या तापमानाच्या मोजणीसाठी नमुने इंदूरच्या यूजीसी-डीएई या संशोधन केंद्राला पाठवायचे असतील तर ती बिनझिंकची बहीण त्याच पुडीत, ताज्या सिलिका जेलसोबत, दुहेरी झिपलॉकमध्ये जाऊ द्या. निघण्याआधी दोघींचा नायट्रोजनपर्यंतचा आलेख काढून ठेवा. परत आल्यावर दोघींचाही टीसी सारखाच उतरलेला असेल, तर तो प्रवासातल्या ओलाव्याने उतरवला.